पुरुषांच्या भीतीला शास्त्राचे उत्तर देणारे र. धों. कर्वे

१९३४ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या न्यायालयात एक वेगळाच खटला उभा राहिला. आरोपीच्या पिंजऱ्यात होते गणिताचे एक माजी प्राध्यापक, आणि त्यांच्या बाजूने उभे होते बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर. आरोप अश्लीलतेचा होता. या प्राध्यापकाने आपल्या मासिकात वाचकांच्या काही खासगी प्रश्नांना जाहीर उत्तरे दिली होती. प्रश्न हस्तमैथुनाविषयी होते, समलिंगी आकर्षणाविषयी होते. ते विचारणाऱ्यांच्या मनात भय होते, आणि उत्तरांत ते भय निराधार असल्याचे शांतपणे सांगितले होते. एप्रिलच्या अखेरीस निकाल लागला. आरोपी दोषी ठरला आणि त्याला दोनशे रुपयांचा दंड झाला.

हा आरोपी म्हणजे 'समाजस्वास्थ्य'चे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे. संततिनियमनाचे आद्य प्रचारक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. स्त्रीला नको असलेल्या बाळंतपणातून सोडवण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्यांच्या कार्याची दुसरी एक बाजू काहीशी विस्मृतीत गेली आहे. पुरुषाला त्याच्या स्वतःच्या शरीराविषयी वाटणारी भीती आणि त्या भीतीवर चालणारा बाजार यांच्याशी त्यांनी पाव शतकाहून अधिक काळ झुंज दिली. त्या काळी या भीतीचे नाव वीर्यनाश किंवा धातुक्षय असे होते. आज तिने 'टेस्टोस्टेरॉन कमी झाले' असे आधुनिक नाव घेतले आहे. म्हणूनच या जीवनाकडे पुन्हा एकदा पाहणे अगत्याचे ठरते.

महर्षींच्या घरातला बंडखोर

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. वयाच्या नवव्या वर्षी, १८९१ मध्ये, आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे १८९३ मध्ये वडिलांनी बालविधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्यापायी समाजाचा बहिष्कार सोसला. आईचा बाळंतपणातला मृत्यू आणि वडिलांनी अंगावर घेतलेला लोकक्षोभ, या दोन्ही गोष्टी मुलाने अगदी जवळून पाहिल्या होत्या.

बुद्धी तल्लख होती. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी गणिताचे अध्यापन पत्करले. पहिल्या महायुद्धानंतर ते पॅरिसला जाऊन गणिताचा उच्च अभ्यास करून आले. फ्रेंच भाषेवर त्यांचे प्रभुत्व होते. युरोपात कामशास्त्रावर जे नवे लेखन होत होते, ते त्यांना मुळातून वाचता येई. गणिताची शिस्त आणि मूळ ग्रंथांपर्यंत जाण्याची सवय हीच त्यांची पुढच्या आयुष्यातली शिदोरी ठरली.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे प्रसिद्ध केंद्र याच वर्षी उघडले, हे ध्यानात घेतले म्हणजे या धाडसाचे मोल कळते. दोन वर्षांनी त्यांचे 'संततिनियमन' हे पुस्तक निघाले. विल्सन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. मिशनरी संस्थेच्या चालकांना प्राध्यापकाचे हे उद्योग रुचले नाहीत. नोकरी किंवा प्रचार यांतील एक निवडण्याची वेळ आली तेव्हा कर्व्यांनी प्रचार निवडला आणि १९२५ मध्ये नोकरी गेली. त्यानंतर संसाराचा भार मोठ्या प्रमाणात पत्नी मालतीबाईंनी उचलला. या दांपत्याने विचारपूर्वक मूल होऊ दिले नाही. मालतीबाईंच्या कमाईवाचून आणि सोशिकपणावाचून पुढचे काहीही घडले नसते.

पत्रांतून बोलणारा पुरुष

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य'चा पहिला अंक निघाला. समाजाचे शारीरिक आणि मानसिक आरोग्य हा त्याचा विषय. मुखपृष्ठावर बहुधा विवस्त्र स्त्रीचे चित्र असे, आणि तेवढ्यावरूनच अनेकांनी मासिकाची परीक्षा करून टाकली. आत मात्र गुप्तरोग, संततिनियमन, विवाह, वेश्याव्यवसाय, नग्नता, धर्म आणि विवेक यांवरचे रोखठोक लेखन असे. 'शारदेची पत्रे' हे त्यातले गाजलेले सदर. शारदा हे नाव घेऊन ती पत्रे कर्वे स्वतःच लिहीत.

या मासिकाचा प्राण होता वाचकांचा पत्रव्यवहार. घरात, शाळेत किंवा वैद्यासमोर जे उच्चारता येत नसे, ते लोक कर्व्यांना लिहीत. त्या काळच्या तरुणाच्या मनावर ब्रह्मचर्याच्या उपदेशाचे मोठे दडपण होते. रक्ताच्या असंख्य थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो आणि तो गेला की बल, बुद्धी, आयुष्य सारेच ओसरते, अशी पक्की समजूत होती. स्वप्नात झालेल्या स्खलनानेही मुले घाबरून जात. पुढे १९६० मध्ये भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी या भयग्रस्त अवस्थेला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले आणि वैद्यकाच्या पुस्तकांत तिची नोंद झाली. कर्वे तिच्याशी त्याआधी तीन दशके झगडत होते.

त्यांचे म्हणणे साधे होते. हस्तमैथुनाने वेड लागत नाही, दृष्टी जात नाही, पुरुषत्व आटत नाही. वीर्य साठवून ठेवल्याने कोणतेही तेज अंगात येत नाही. शरीराला अपाय होतो तो लाजेने, धास्तीने आणि गुप्तरोगाकडे केलेल्या दुर्लक्षाने. महात्मा गांधींचा संयमाचा आग्रहही त्यांना मान्य नव्हता, आणि गांधींचा दरारा असतानाही त्यांनी ते लिहिण्यास मागेपुढे पाहिले नाही. त्यांच्या मते अज्ञान हे नीतीचे रक्षण करीत नाही. ते केवळ भोंदूंचे उत्पन्न वाढवते.

वानरग्रंथींचे दिवस

शास्त्राच्या जगातही तेव्हा या विषयावर धुके होते. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ब्राउन सेकार या बहात्तर वर्षांच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा तरुण झाल्याचे जाहीर केले. त्या पाण्यातल्या अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतेच. तारुण्य आले होते ते मनात. तरीही युरोप-अमेरिकेत अशा अर्कांची विक्री धडाक्याने सुरू झाली. १९२० मध्ये त्याच पॅरिस शहरात सर्ज व्होरोनॉफ या शल्यविशारदाने वानराच्या वृषणाचे काप पुरुषाच्या अंगी बसवण्याची शस्त्रक्रिया केली. श्रीमंत गिऱ्हाइकांची त्याच्याकडे रांग लागली. व्हिएन्नातील ऑयगेन श्टायनाख यांनी तर शुक्रवाहिनी बांधली की तारुण्य परत येते, असे प्रतिपादन केले. काही वर्षांतच हे सर्व दावे फोल ठरले.

खरे संशोधन प्रयोगशाळांत संथपणे चालले होते. 'समाजस्वास्थ्य' सुरू झाले त्याच वर्षी, १९२७ मध्ये, शिकागोत फ्रेड कॉक आणि त्यांच्या विद्यार्थ्याने सुमारे अठरा किलो बैलांच्या वृषणांतून जेमतेम वीस मिलिग्रॅम अर्क मिळवला. तो टोचला असता खच्ची केलेल्या कोंबड्याला पुन्हा तुरा फुटला. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकर यांच्या प्रयोगशाळेने शुद्ध संप्रेरक वेगळे काढले आणि त्याला 'टेस्टोस्टेरॉन' हे नाव दिले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते कृत्रिमरीत्या तयार केले. दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांना दंड झाला, त्यानंतर वर्षभरातच पुरुषत्वाचे रसायन बाटलीत आले. वीर्य आणि हे रसायन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यामुळे निर्विवाद सिद्ध झाले. टेस्टोस्टेरॉन वृषणातून थेट रक्तात मिसळते, शरीर ते सतत तयार करीत राहते, आणि स्खलनाने त्याचा साठा रिता होत नाही. वीर्यनाशाच्या भयाला शरीरशास्त्रात जागाच उरली नाही.

सोलापूरची संस्था

या विषयाची चर्चा मुंबई-पुण्यापुरती मर्यादित होती, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नव्हती. कोल्हापूरला प्राध्यापक असलेले कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये भारतातील लैंगिक प्रश्नांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. आणि गिरण्यांच्या सोलापुरात डॉ. ए. पी. पिल्ले यांनी १९२९ मध्ये 'सोलापूर युजेनिक्स एज्युकेशन सोसायटी' स्थापन केली. मार्शल लॉ आणि चार हुतात्म्यांच्या बलिदानाने सोलापूर देशभर गाजले ते त्यानंतर एक-दोन वर्षांनी. त्याआधीच हे शहर संततिनियमनाच्या प्रचाराच्या नकाशावर आले होते.

पिल्ले यांनी पुढे मुंबई गाठली आणि १९३४ मध्ये 'मॅरेज हायजिन' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. त्याचेच पुढे 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी' झाले. जगभरचे तज्ज्ञ त्यात लिहीत. स्त्रीच्या कामसुखावरचा एर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांचा प्रसिद्ध निबंध १९५० मध्ये याच नियतकालिकात छापला गेला. लैंगिक विकारांचे निदान आणि उपचार यांवर पिल्ले यांनी डॉक्टरांसाठी ग्रंथही लिहिला. कर्वे मराठी वाचकाशी बोलत होते, पिल्ले वैद्यकाच्या जगाशी. विषय मात्र एकच होता.

या दोघांच्या काळाची एक उणीवही नोंदवली पाहिजे. सुप्रजननाची, म्हणजे युजेनिक्सची, कल्पना त्या वेळच्या सुधारकांना पुरोगामी वाटे. कोणी प्रजा वाढवावी आणि कोणी वाढवू नये हे शहाण्यांनी ठरवावे, हा अहंकार तिच्या मुळाशी होता, आणि तिचा रोख बहुधा गरिबांकडे असे. नाझी जर्मनीने तिचे भीषण रूप दाखवल्यावर जगाला तिची ओळख पटली. कर्वेही या विचाराच्या प्रभावापासून अलिप्त नव्हते. शिवाय ते वैद्य नव्हते. त्यांचे ज्ञान ग्रंथांचे होते, आणि त्यातले काही पुढे कालबाह्य झाले. तरीही त्यांचा मूळ आग्रह, म्हणजे शरीराविषयीचा दावा पुराव्यावर तपासून घ्यावा, हा टिकून राहिला.

दंड आणि दैन्य

१९३४ चा खटला पहिला नव्हता. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा आरोप ठेवण्यात आला होता. शंभर रुपये दंड झाला आणि उच्च न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले. दुसऱ्या वेळी डॉ. आंबेडकर मदतीला धावले. पुणे करार होऊन दीडच वर्ष लोटले होते. दलितांच्या लढ्याचे नेतृत्व खांद्यावर असताना, लोकमताला न रुचणारे हे प्रकरण त्यांनी स्वीकारले. वाचक आपल्या शारीरिक अडचणी विचारत असतील तर संपादकाने त्यांना उत्तर का देऊ नये, आणि लैंगिक विषयावरचे लेखन म्हणजे अश्लीलता हे समीकरण कशाच्या आधारावर, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. न्यायालयाला तो पटला नाही.

दंड भरून कर्वे पुन्हा लिहायला बसले. 'आधुनिक कामशास्त्र' हा त्यांचा ग्रंथ याच काळातला. मासिक कधी फायद्यात आले नाही. १९४४ मध्ये मालतीबाई गेल्या आणि घर रिते झाले. तरी अंक निघत राहिला. लेखन, संपादन, मुद्रिते, टपाल ही सारी कामे कर्वे जवळजवळ एकहाती करीत. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. नोव्हेंबर १९५३ च्या अंकाबरोबर 'समाजस्वास्थ्य' थांबले. वडील महर्षी कर्वे तेव्हा हयात होते. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, त्यांनी जगाचा निरोप घेतला. मुलाच्या वाट्याला हयातीत फारसा सन्मान आला नाही. अमोल पालेकर यांच्या 'ध्यासपर्व' या चित्रपटाने २००१ मध्ये त्यांची कथा नव्या पिढीपुढे आणली.

रक्त काय सांगते

कर्व्यांच्या काळी पुरुषाच्या रक्तातले संप्रेरक मोजता येत नव्हते. रक्तातले अतिसूक्ष्म घटक मोजण्याची किरणोत्सर्गी पद्धत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस शोधली. तिच्याबद्दल यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. १९७० च्या सुमारास त्याच तत्त्वावर टेस्टोस्टेरॉन मोजले जाऊ लागले. आज ही तपासणी शहरोशहरी होते. अशा चाचण्यांच्या 'पॅकेज'ची जाहिरात होते आणि चाळिशीच्या पुरुषाला थकवा, चिडचीड, कामेच्छेतील घट यांचे कारण एका आकड्यात शोधण्याचा मोह पडतो.

तो आकडा वाचायलाही शिस्त लागते. टेस्टोस्टेरॉन सकाळी अधिक असते आणि दिवसभरात उतरते, म्हणून रक्त सकाळी, शक्यतो उपाशीपोटी, द्यावे लागते. एकाच तपासणीवर निदान होत नाही. वेगळ्या दिवशी ती पुन्हा करावी लागते. डेसिलीटरमागे ३०० नॅनोग्रॅम ही अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञांची सर्वसाधारण सीमा आहे, पण लक्षणे नसतील तर केवळ आकड्यावरून उपचार करीत नाहीत. आजारपण, अपुरी झोप, लठ्ठपणा, मधुमेह यांनीही पातळी खाली येते. आकडा खरोखरच कमी निघाला तर दोष वृषणात आहे की मेंदूतील पीयूषिका ग्रंथीत, हे एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन या तपासण्यांवरून ठरवतात. लिंगताठरतेच्या तक्रारीमागे तर अनेकदा संप्रेरक नसून मधुमेह, रक्तवाहिन्यांचा विकार किंवा निव्वळ चिंता असते.

ज्यांच्या शरीरात हे संप्रेरक खरोखर कमी बनते, त्यांना इंजेक्शन किंवा जेलच्या उपचाराने मोठा लाभ होतो. त्यांनी शरमेपायी तो टाळणे हे कर्व्यांना मुळीच रुचले नसते. मात्र उपचार चालू असताना रक्त घट्ट होत नाही ना हे पाहावे लागते, प्रोस्टेटवर लक्ष ठेवावे लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, संप्रेरक खरोखर कमी असलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या पुरुषांमध्ये या उपचाराने हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, असे दिसले. पण हृदयाची अनियमित गती आणि फुप्फुसातील रक्ताची गुठळी यांचे प्रमाण काहीसे अधिक आढळले.

आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की मेंदू वृषणांना संदेश पाठवणे थांबवतो आणि शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेने याचाच उपयोग करून पुरुषांसाठी संततिनियमनाचे इंजेक्शन आजमावले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉनने बहुसंख्य पुरुषांच्या वीर्यातील शुक्रजंतू नाहीसे झाले. पौरुष वाढावे म्हणून व्यायामशाळेत कोणाच्या तरी सल्ल्याने इंजेक्शन घेणारा नवविवाहित तरुण नकळत संततिनियमनच करीत असतो. औषध थांबवल्यावर शुक्रजंतू बहुधा परत येतात, पण त्याला कित्येक महिने लागू शकतात. ज्यांना मूल हवे आहे, त्यांना म्हणूनच तज्ज्ञ हा उपचार देत नाहीत.

१९२९ मध्ये सोलापुरात संततिनियमनाच्या प्रचारासाठी संस्था उघडावी लागली, तेव्हा शहरात वैद्यकीय महाविद्यालय नव्हते, ते डॉ. वैशंपायन यांच्या नावाने १९६३ मध्ये आले. आता डॉक्टर आहेत, प्रयोगशाळा आहेत, आणि जे मोजण्याची कर्व्यांना सोय नव्हती ते मोजले जाते. तरीही बसस्थानकाबाहेरच्या भिंतीवर शक्तिवर्धक औषधांची जाहिरात रंगवलेली दिसते आणि तिच्याखालचा क्रमांक कोणीतरी गुपचूप टिपून घेतो. नव्वद वर्षांपूर्वी अशाच एखाद्या तरुणाने 'समाजस्वास्थ्य'ला पत्र लिहिले होते. त्याला उत्तर दिल्याबद्दल संपादकाने दोनशे रुपये दंड भरला, आणि पुढच्या महिन्याच्या अंकातही वाचकांच्या प्रश्नांची दारे बंद केली नाहीत.